शब्दांच्या जन्मकथा आणि मुलांची भाषा : मराठी व स्पॅनिश उदाहरणांच्या आधारे एक चिकित्सा

प्रास्ताविक :

भाषा शिकू लागलेल्या मुलाच्या तोंडी एक प्रश्न वारंवार येतो. 'याला असे का म्हणतात?' चावीला चावी का म्हणतात, साखरेला साखर का म्हणतात, असे विचारणारे मूल नकळत व्युत्पत्तिशास्त्राच्या दारात उभे असते. घरी या प्रश्नाला 'म्हणतात म्हणून म्हणतात' असे उत्तर मिळते. शाळेत तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय असे चार कप्पे मिळतात. दोन्ही उत्तरांनी मुलाचे कुतूहल शमत नाही, उलट मावळते. रोजच्या वापरातील शब्दांचा उगम मुलांना कसा सांगितला जातो आणि तो कसा सांगितला जावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तुलनेसाठी स्पॅनिश भाषेतील काही नित्याचे शब्द घेतले आहेत. जामनेरच्या वर्गात शिकविणाऱ्याने स्पॅनिशकडे वळावे याचे कारण वरवर पाहता सापडणार नाही, परंतु हा मार्ग फिरून आपल्याच अंगणात येतो, असे विवेचनाच्या ओघात दिसून येईल.

चार कप्प्यांची मर्यादा :

शालेय व्याकरणातील 'शब्दसिद्धी' हे प्रकरण बहुतेकांच्या परिचयाचे आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ते तत्सम, रूप बदलून आलेले ते तद्भव, मूळ सांगता येत नाही ते देशी आणि इतर भाषांतून आलेले ते परभाषीय. ही विभागणी चुकीची नाही, पण ती शब्द कोठून आला एवढेच सांगते. तो कसा आला, वाटेत त्याचे काय झाले, त्याला कोणी आणले, हे सांगत नाही. परिणामी विद्यार्थी याद्या पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

याद्यांचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एकाने केलेली यादी दुसरा उतरवून घेतो आणि तिच्यातील चूकही सोबत उतरते. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिकांत फिरणाऱ्या पोर्तुगीज शब्दांच्या एका यादीत बटाटा, पगार, तुरुंग, घमेले यांच्या जोडीला 'फणस' हा शब्दही आढळतो. वस्तुतः फणस हा संस्कृत 'पनस' याचाच वंशज आहे आणि पोर्तुगीज गलबते या किनाऱ्याला लागण्यापूर्वी कितीतरी शतके तो येथे पिकत होता. त्याच यादीत 'पायरी' असा शब्द असतो. ही पायरी जिन्याची की आंब्याची, याचा खुलासा यादी करीत नाही. जिन्याची पायरी ही उघडच 'पाय' या शब्दाशी नाते सांगते. विचार न करता पाठ केलेली व्युत्पत्ति ही अशी विद्यार्थ्याला ज्ञानाऐवजी संभ्रम देते.

प्रवासी शब्द :

कप्प्याऐवजी प्रवास सांगितला तर काय घडते, हे काही शब्दांवरून पाहता येईल. संस्कृत 'शर्करा' प्राकृताच्या वाटेने मराठीत 'साखर' झाली. हाच शब्द दुसऱ्या वाटेने पश्चिमेला गेला. फारसीत तो 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर' झाला आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोहोचला. इ. स. ७११ मध्ये अरबी सत्ता त्या द्वीपकल्पात आली आणि १४९२ पर्यंत तिचे अस्तित्व कोठे ना कोठे टिकले. या दीर्घ सहवासात अरबी उपपद पोटात घेऊन तो शब्द स्पॅनिशमध्ये 'आसूकार' झाला. म्हणजे जामनेरच्या बाजारातील साखर आणि माद्रिदच्या दुकानातील आसूकार या सख्ख्या बहिणी होत. 'नारंग' हा शब्द असाच फारसी व अरबी मार्गाने जाऊन स्पॅनिशमध्ये 'नारांखा' झाला. 'चतुरंग' हा खेळ व त्याचे नाव फारसीत 'चत्रंग', अरबीत 'शत्रंज' आणि स्पॅनिशमध्ये 'आखेद्रेस' झाले. आपण मात्र 'बुद्धिबळ' असे नवे नाव घेतले आणि जुने नाव 'शतरंज' या फारसी-अरबी वेशात परत स्वीकारले.

उलट दिशेने आलेले शब्दही कमी नाहीत. १५१० मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्ता स्थापन झाली आणि पुढे वसईचा प्रदेश १७३९ पर्यंत तिच्याकडे राहिला. या सहवासातून आलेल्या अनेक शब्दांची भावंडे स्पॅनिशमध्ये आहेत, कारण पोर्तुगीज आणि स्पॅनिश या दोन्ही लॅटिनच्या लेकी. 'बटाटा' हा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा शब्द. तेथे तो रताळ्यासाठी होता. स्पॅनिशांनी तो उचलला, पोर्तुगीजांनी तो येथे आणला आणि वाटेत त्याचा अर्थ बदलला. 'पगार' हे त्या दोन्ही भाषांत 'पैसे देणे' या अर्थाचे क्रियापद आहे. त्याच्या मुळाशी 'शांत करणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. देणेकऱ्याने घेणेकऱ्याला शांत करणे, असा तो भाव. 'तुरुंग' हा शब्द ज्यावरून आला तो पोर्तुगीज 'त्रोंकु' म्हणजे झाडाचे खोड. कैद्याचे पाय लाकडी ओंडक्यात अडकविण्याच्या शिक्षेवरून त्याला बंदिवासाचा अर्थ आला. आपल्या 'खोड' आणि 'खोडा' या शब्दांतही नेमका हाच प्रवास दिसतो. दोन दूरच्या समाजांनी एकाच शिक्षेला एकाच कल्पनेतून नाव दिले, हे ज्या मुलाला समजते त्याला 'तुरुंग – पोर्तुगीज' अशी ओळ पाठ करावी लागत नाही.

कथा आणि पुरावा :

शब्दांच्या गोष्टी सांगताना एक धोका मात्र कायम असतो. गोष्ट जितकी सुंदर, तितकी ती खरी मानण्याचा मोह अधिक. स्पॅनिशमध्ये 'सिन्सेरो' म्हणजे प्रामाणिक. हा शब्द 'मेणाविना' या अर्थाच्या दोन शब्दांपासून झाला. लबाड शिल्पकार मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवीत आणि प्रामाणिक शिल्पकार तसे करीत नसत, अशी कथा मोठ्या आवडीने सांगितली जाते. तिला आधार नाही. तो शब्द 'शुद्ध, निर्भेळ' या अर्थाच्या लॅटिन विशेषणापासून सरळ आलेला आहे.

हा मोह विद्वानांनाही सुटलेला नाही. सेबास्तियान दे कोवार्रुबियास यांनी १६११ मध्ये स्पॅनिश भाषेचा मोठा कोश प्रसिद्ध केला. हिब्रू ही मानवाची आद्य भाषा होय, या तत्कालीन श्रद्धेपोटी त्यांनी अनेक साध्या स्पॅनिश शब्दांची मुळे हिब्रूत शोधली. पुढे खुआन कोरोमिनास यांच्या १९५४ ते १९५७ या काळात निघालेल्या चिकित्सक व्युत्पत्तिकोशाने प्रत्येक शब्दाचा पहिला लिखित पुरावा आणि ध्वनिबदलाचा नियम या दोन कसोट्या लावून अशा समजुती बाजूला सारल्या.

मराठीतील वाटचालही याच प्रकारची आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले. १९२६ च्या अखेरीस तेथेच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी मराठी धातू व नामे यांच्या व्युत्पत्तीचे केलेले प्रचंड काम खानदेशाच्या अभिमानाचा विषय आहे. तथापि मराठी शब्द थेट संस्कृत धातूंशी नेऊन भिडविण्याची त्यांची रीत पुढील अभ्यासकांना सर्वत्र मान्य झाली नाही. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ वा. गो. परांजपे यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकाला उपलब्ध झाला. त्याने मधल्या प्राकृत अवस्थेला आणि ध्वनिनियमांना मध्यवर्ती स्थान दिले. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' १९४६ मध्ये आला. या परंपरेने एक गोष्ट शिकविली ती अशी, की व्युत्पत्ति ही साम्यावर नव्हे, तर नियमावर उभी राहते.

मुलांनाही ही शिस्त देता येते. वर्गात 'जामनेर' या गावनामाची चर्चा चालू असता एका विद्यार्थ्याने 'जाम म्हणजे पेरू, म्हणून जामनेर' असे सुचविले. आमच्याकडे पेरूला जाम म्हणणारे लोक आहेत, तेव्हा सूचना स्वाभाविक होती. तिला हसण्याऐवजी वर्गाला एवढेच विचारले की पेरू हे फळ येथे कधी आले? ते मूळ अमेरिकेचे. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी ते येथे नव्हते. मग गावाचे नाव त्याआधीच्या कागदात सापडले तर या व्युत्पत्तीचे काय होईल? विद्यार्थ्याने स्वतःच आपला दावा मागे घेतला आणि जुना कागद कोठे मिळेल असे विचारले. 'नेर' या उत्तरपदाबाबत मात्र नियम हाताशी आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील 'ग' लोप पावतो, 'नगर' याचे 'नयर' होते आणि त्याचेच पुढे 'नेर'. अमळनेर, पिंपळनेर ही खानदेशातील नावे आणि दूरचे बीकानेर एका माळेत येतात ते यामुळे.

नियमाची गोष्ट :

आता ज्या मुद्द्यासाठी हा सर्व प्रपंच केला त्याकडे वळता येईल. लॅटिनमध्ये चावीला 'क्लाविस' म्हणत. स्पॅनिशमध्ये तिचे 'ल्यावे' झाले आणि पोर्तुगीजमध्ये 'चावे'. 'पाऊस' या अर्थाचा 'प्लुविया' स्पॅनिशमध्ये 'ल्युविया' आणि पोर्तुगीजमध्ये 'चुवा' झाला. 'ज्योत' या अर्थाचा 'फ्लामा' अनुक्रमे 'ल्यामा' आणि 'चामा' झाला. आरंभीच्या क्ल, प्ल, फ्ल या जोडाक्षरांचे एका भाषेत नियमाने 'ल्य' होते, दुसरीत 'च'. प्रमाण पोर्तुगीजमध्ये या 'च'चा पुढे 'श' झाला व आज तेथे 'शावे' असे म्हणतात. आपल्या 'चावी'ने मात्र जुना 'च' जपून ठेवला आहे. उसना शब्द म्हणजे बिघडलेला शब्द, हा समज किती उथळ आहे, याला यापेक्षा बोलका पुरावा नको.

'मुलगा' या अर्थाचा स्पॅनिश शब्दही असाच नियमाने घडला आहे. लॅटिन 'फिलियुस' याचा आरंभीचा 'फ' आधी हकारासारखा झाला, मग लोपला आणि 'ईहो' हा शब्द उरला. 'पीठ' या अर्थाचा 'फारीना' त्याच नियमाने 'आरीना' झाला. लेखनात न उच्चारला जाणारा 'ह' आजही कायम आहे; जुन्या घराच्या उंबरठ्यासारखा.

मराठीतही नियम आहेत आणि ते तितकेच काटेकोर आहेत. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकेरी 'ल' असेल तर मराठीत त्याचा 'ळ' होतो. बाल–बाळ, फल–फळ, काल–काळ. परंतु प्राकृतात तो 'ल' दुहेरी असेल तर मराठीत 'ल'च राहतो. तैल–तेल्ल–तेल. म्हणून आपण 'फळ' म्हणतो पण 'तेळ' म्हणत नाही. हस्त–हत्थ–हात, कर्म–कम्म–काम, कर्पास–कप्पास–कापूस, ही दुसऱ्या एका नियमाची माळ. जोडाक्षराचे दुहेरी व्यंजन झाले, मग ते एकेरी होऊन मागचा स्वर दीर्घ झाला. आपल्या काळ्या मातीतील कापूस हा अशा रीतीने एका अखंड नियमाची साक्ष आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या मागणीच्या मुळाशीही महाराष्ट्री प्राकृत ते मराठी ही अखंडताच होती.

'ळ'चा 'य' :

जामनेर आणि परिसरातील तावडी, लेवा तसेच पश्चिमेकडील अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या उच्चारात 'ळ'च्या जागी 'य' येतो. केळ्याचे 'केय', डोळ्याचा 'डोया', शाळेची 'शाया', काळ्याचा 'काया'. हा बदल एखाद्या मुलाच्या जिभेचा दोष नाही. तो सर्वत्र, सर्व शब्दांत आणि सर्व पिढ्यांत नियमाने होतो. 'ल'चा 'ळ' करणारी प्रमाण मराठी आणि 'ळ'चा 'य' करणारी खानदेशी बोली यांच्या वर्तनात भाषाशास्त्राच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. दोघींनीही नियमानेच बदल केला आहे. एकीचा बदल पुस्तकात गेला, दुसरीचा गेला नाही, इतकेच.

तरीही वर्गात 'शाया' म्हणणाऱ्या मुलाला 'अशुद्ध बोलतोस' असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखिकेनेही विद्यार्थिदशेत हे ऐकले आहे आणि प्रांजळपणे सांगायचे तर अध्यापनाच्या पहिल्या वर्षांत स्वतः उच्चारलेही आहे. त्याचा परिणाम असा होतो की मूल 'शाळा' म्हणायला शिकते ते नंतर. आधी ते वर्गात बोलायचे थांबते.

येथे स्पॅनिशचा दाखला उपयोगी पडतो. 'ल्यावे' या शब्दातील आरंभीचा 'ल्य' आज बहुसंख्य स्पॅनिश भाषक 'य'सारखा उच्चारतात. 'ल्यावे'चे 'यावे' होते, 'ल्युविया'चे 'युविया'. म्हणजे आमच्या कांग नदीच्या काठी 'ळ'चे जे झाले, त्याच्याशी मिळतेजुळते काही स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत 'ल्य'चे झाले. यामुळे तेथेही 'कोंबडी' आणि 'दगडी बाक' या अर्थाचे दोन वेगळे शब्द कानाला सारखेच लागतात, जसे आमच्याकडे 'काळा' आणि 'काया'. संदर्भाने अर्थ कळतो. विशेष म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही तेथील उच्चारशास्त्र दोन्ही ध्वनी वेगळे उच्चारण्याचा आग्रह धरीत होते. पुढे राजधानीतील सुशिक्षितांच्या तोंडीही 'य' रुळला आणि आज तो शिष्टसंमत उच्चार मानला जातो. लेखनातील भेद मात्र कायम आहे; मुले तो शिकतात, त्यात चुकतात आणि पुन्हा शिकतात. परंतु त्यांच्या उच्चाराला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, शुद्ध-अशुद्ध हा निवाडा ध्वनीच्या अंगभूत गुणावर नव्हे तर बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर ठरतो. दुसरा, लेखनाचा प्रमाण नियम शिकविणे आणि उच्चाराला हीन लेखणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिली शिक्षकाचे कर्तव्य आहे, दुसरी नाही.

स्पॅनिशच्या कोशव्यवहारातूनही शिकण्याजोगे आहे. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या राजकीय अकादमीच्या कोशात 'तान्हे मूल' या अर्थाचा 'ग्वाग्वा' हा शब्द आहे. तो क्वेचुआ या दक्षिण अमेरिकेतील भाषेतून आला, याची आणि तो कोणत्या देशांत वापरतात याची नोंदही तेथे आहे. 'ईहो'च्या लॅटिन कुलामुळे 'ग्वाग्वा'ला दाराबाहेर उभे राहावे लागत नाही. आमच्याकडे अहिराणीत मुलाला 'आंडोर' आणि मुलीला 'आंडेर' म्हणतात. डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्या अहिराणी शब्दकोशासारख्या प्रयत्नांनी हे शब्दधन नोंदले गेले. पण शालेय पाठात अशा शब्दांना अजून जागा नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार होती. त्या घरांतील मुलांनी शब्दांचे मूळ शोधायचे तर ते स्वतःच्या तोंडच्या शब्दांपासून का सुरू होऊ नये?

एक संभाव्य आक्षेप :

प्रमाणभाषा हे उच्च शिक्षणाचे व नोकरीचे साधन आहे. बोलीचे कौतुक करून मुलांचे नुकसान होईल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. गरीब घरातील मुलाला प्रमाण लेखनाची गरज सर्वांत जास्त असते. परंतु आमचा अनुभव असा की नियम कळलेले मूल प्रमाण रूपही लवकर आत्मसात करते. 'तुझ्या घरी जिथे य येतो, त्यातील काही ठिकाणी पुस्तकात ळ लिहितात. कोणत्या ठिकाणी ते शोध' असे सांगितले की 'डोया' आणि 'पाय' यांतील 'य' वेगळे आहेत हे मुलाच्या ध्यानात येते. जो दोष म्हणून खुपत होता, तोच तुलनेचा विषय होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण देण्याचा पुरस्कार केला आहे. त्याची सुरुवात घरच्या भाषेला नियम असतात हे मान्य करण्यापासून व्हायला हवी.

समारोप :

कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये जळगावजवळील आसोद्याचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्यांची गाणी प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठी रसिकांनी ती त्यांच्या बोलीसह स्वीकारली. त्यातील 'य'चा कोणी 'ळ' केला नाही. २०१८ पासून आमचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाच्या दारावर ज्यांचे नाव, त्यांचा उच्चार वर्गात अशुद्ध ठरावा, ही विसंगती आपण किती काळ चालवून घेणार आहोत, हा प्रश्न भाषाशिक्षकांनी स्वतःला विचारण्याची आवश्यकता आहे.

मुलांना शब्दांच्या जन्मकथा अवश्य सांगाव्यात. त्या कप्प्यांत न कोंबता प्रवासासारख्या सांगाव्यात, गोड असल्या तरी पुराव्याविना सांगू नयेत आणि नियम सांगताना तो प्रमाणभाषेला व बोलीला सारखाच लावावा. असे झाले तर साखर आणि आसूकार, चावी आणि ल्यावे यांचे नाते समजलेल्या मुलाला एक गोष्ट आपोआप कळेल, की जगातील प्रत्येक भाषा ही कोणत्या तरी जुन्या भाषेचा कोणी तरी कधी तरी 'चुकीचा' ठरविलेला उच्चार आहे. मग ते मूल 'शाया' म्हणतानाही संकोचणार नाही आणि 'शाळा' लिहितानाही अडणार नाही.